गॅस बंद केला होता का?

नमस्कार मॅडम,

मी ६१ वर्षांची आहे. कराडजवळच्या एका शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेल्या दिवाळीपासून माझं विसरणं फार वाढलंय. जुन्या विद्यार्थ्यांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले तेच सुचत नाही. सगळ्यात जास्त त्रास गॅसचा. बाहेर पडताना बंद केलेला असतो, आजवर एकदाही चालू राहिलेला नाही, तरी फाटकापासून परत येते, कधी कधी चार-चार वेळा. हे चिडतात. माझी आई शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशाने आजारी होती, मला ओळखायचीही नाही. आता माझी पाळी, हेच डोक्यात फिरत असतं. झोप लागत नाही म्हणून दीड वर्षापासून रात्री अल्प्राझोलमची गोळी घेते.

मुलाने फोनवर चिंता मोजायची चाचणी पाठवली. २१ पैकी १३ गुण आले. नातवाने स्मरणशक्ती वाढवण्याचं ॲप घालून दिलंय. त्यातले माझे गुण दर आठवड्याला वाढतात, पण नावं काही आठवत नाहीत. आता त्याची वर्षाची वर्गणी भरायची आहे. भरू का? आणि हे १३ म्हणजे मी काय समजायचं? डिसेंबरात आमच्या शाळेच्या दहावीच्या एका जुन्या बॅचचा स्नेहमेळावा आहे, मला आग्रहाने बोलावलंय. जायची भीती वाटते.

– एक वाचक, कराड

नमस्कार बाई,

आधी त्या १३चं बघू. पत्रावरून दिसतं की विसरण्याने घातली नसेल एवढी भीती त्या आकड्याने घातली आहे.

तुम्हाला आलेली चाचणी बहुधा जीएडी-७ आहे. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणून बेरीज २१. रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००६मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी तयार केली. गर्दीच्या ओपीडीत कोणाशी जरा थांबून बोलायला हवं, हे डॉक्टरांना दोन-तीन मिनिटांत कळावं, एवढं तिचं काम. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र अशा पायऱ्या धरतात आणि १० किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढची नीट तपासणी करावी, असं मानतात. शाळेच्या भाषेत ही चाळणी परीक्षा आहे. तिच्यावरून कोणाचं प्रगतिपुस्तक भरत नाहीत.

तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून हे आकड्यांत मांडते. मूळ अभ्यासात १०ची रेषा धरली तेव्हा ज्यांना खरोखर सर्वसाधारण चिंताविकार होता त्यांच्यातले ८९ टक्के लोक चाळणीत सापडले आणि ज्यांना तो नव्हता त्यांच्यातले ८२ टक्के बरोबर वगळले गेले. आता फळ्यावर घ्या. समजा १,००० माणसांत ७० जणांना हा विकार आहे. त्यांतले ६२ सापडतील. उरलेल्या ९३०पैकी १८ टक्के, म्हणजे १६७ जण, विकार नसतानाही सापडतील. चाळणीत अडकलेले एकूण २२९, त्यांत खरे ६२. चारांत जेमतेम एक. बाकीच्यांपैकी काहींना दुसऱ्या प्रकारचा मानसिक त्रास असतो, काहींना थायरॉइडसारखा शारीरिक, आणि काहींचे नेमके तेच दोन आठवडे वाईट गेलेले असतात. कारण ही चाचणी फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते.

चिंता मोजणाऱ्यांना हा प्रश्न फार पूर्वीपासून पडलेला आहे. चार्ल्स स्पीलबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७०मध्ये जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिचे मुद्दाम दोन भाग केले. २० विधानं 'आत्ता या क्षणी कसं वाटतंय' याची आणि २० 'एरवी तुम्ही कशा असता' याची. परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या शांत स्वभावाच्या मुलाचे पहिल्या भागात भरपूर गुण येतात, दुसऱ्यात कमी. तुमचे १३ गुण स्वभावाचे आहेत की त्या पंधरवड्याचे, हे एकदाच चाचणी देऊन कळणार नाही. म्हणून तीच चाचणी चार आठवड्यांनी कागदावर पुन्हा सोडवा आणि दोन्ही आकडे तारखेसकट डॉक्टरांना दाखवा. मधल्या काळात फोनवर रोज सोडवत बसू नका, तेही परत परत फाटकापासून मागे येण्यासारखंच होईल.

आणखी एक गोष्ट त्या सात प्रश्नांकडे पुन्हा बघितलंत तर लक्षात येईल. अस्वस्थ वाटणं, काळजी थांबवता न येणं, नको तितकी काळजी करणं, निवांत होता न येणं, एका जागी बसवत नाही इतकी तगमग, चिडचिड, काहीतरी भयंकर घडेल अशी धास्ती. स्मरणशक्तीबद्दल त्यात एक अक्षर नाही. तेव्हा १३ हा आकडा तुमच्या विसरण्याचं मोजमाप नाही आणि आईच्या आजाराशी त्याचा काही संबंध जोडू नका. पण तो आकडा झटकूनही टाकू नका. झोप उडालेली आहे, घरात वाद होताहेत, समारंभाला जायची भीती वाटते. चाचणी नसती तरी एवढ्यावरून मी तुम्हाला एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा असंच सांगितलं असतं.

आता गॅस. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि योगायोगाने यावर अगदी गॅसच्याच शेगडीचा प्रयोग झालेला आहे. नेदरलँड्समधले मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३मध्ये तो प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी. सांगितलेली बटणं चालू करायची, बंद करायची आणि मग बंद झाली का ते तपासायचं. एका गटाला हे २० वेळा करायला लावलं. दुसऱ्या गटाला मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासायला दिले. शेवटी दोन्ही गटांनी शेगडी एकदा तपासली आणि त्यांना विचारलं, आत्ता कोणती बटणं तपासलीत?

दोन्ही गटांची उत्तरं सारखीच बरोबर आली. आठवण शाबूत होती. पण ज्यांनी शेगडी पुन्हा पुन्हा तपासली होती त्यांची आठवण फिकट झाली होती, तिच्यातले बारकावे गेले होते, आणि मुख्य म्हणजे 'मला बरोबर आठवतंय' हा त्यांचा भरवसा घसरला होता. हे सगळे धडधाकट लोक होते, तपासत राहण्याची सवय नसलेले. पुढे २००६मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी हेच खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या शेगडीवर करून पाहिलं. तिथेही भरवसा घसरलाच.

असं का व्हावं? एकच कृती वीस वेळा केली की हात ती आपोआप करतो, डोळे नीट बघत नाहीत आणि विसाव्या वेळेची आठवण आधीच्या एकोणीस वेळांत मिसळून जाते. तुम्ही कधी कधी चार-चार वेळा बघता. गेल्या दिवाळीपासून किती वेळा ते बटण बघितलं असेल! 'आज बंद केला' ही आठवण तुम्हाला वेगळी काढताच येत नाही, कारण तिच्यासारख्या शेकडो आठवणी शेजारी उभ्या आहेत. तुम्हाला वाटतं, आठवत नाही म्हणून मी परत येते. बऱ्याच अंशी उलटं आहे: परत येता म्हणून आठवत नाही. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण विस्मरणाची भीती बाळगणाऱ्या कितीतरी लोकांचा त्रास त्यातून एकदम समजतो आणि त्यावर करण्यासारखं काहीतरी हाती येतं.

तर हे करून बघा. बाहेर पडताना एकदाच, घाई न करता, शेगडीपाशी उभ्या राहा. सिलिंडरचा रेग्युलेटर हाताने बंद करा आणि मोठ्याने म्हणा, "आज मंगळवार, रेग्युलेटर बंद." वार म्हणायचा तो अशासाठी की मंगळवारची आठवण सोमवारच्या आठवणीत मिसळू नये. जपानच्या रेल्वेत मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, तीही अशीच रीत आहे, आणि तिथे ती गंभीरपणे पाळतात. मग कुलूप लावा आणि निघा. फाटकापाशी शंका येईलच. छातीत धडधडेल. ती धडधड काही वेळ वाढते आणि तुम्ही परत गेला नाहीत तरी आपोआप उतरते. पहिले आठ-दहा दिवस जड जातील. फोनवर शेगडीचा फोटो काढून ठेवायचा उपाय हल्ली बरेच जण सुचवतात. तो नको, कारण मग रस्त्यात फोटो बघत राहाल.

यजमानांनाही एक सांगा. तुम्ही विचारलंत की "बंद आहे गं, किती वेळा सांगू" असं चिडून सांगणं किंवा प्रेमाने पाच वेळा खात्री देणं, दोन्हींनी तपासण्याची सवय पोसली जाते. "आपलं ठरलंय ना," एवढंच त्यांनी म्हणावं आणि चालू लागावं. गॅस, कुलूप, नळ असं सगळं मिळून तपासण्यात दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल तर मात्र हे मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. त्याला वेगळे, चांगले उपचार आहेत.

स्वयंपाकघरात जाऊन कशाला आलो ते न आठवणं आणि नावं न आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दोष आठवणीकडे कमी आणि लक्षाकडे जास्त जातो. माणूस एका वेळी मनात फार थोडं धरून ठेवू शकतो, नेल्सन कोवन यांच्या २००१च्या आढाव्याप्रमाणे साधारण चार गोष्टी. मायकेल आयझेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये मांडलं की चिंता याच मर्यादित जागेवर आणि लक्ष वळवण्याच्या क्षमतेवर ताण आणते. 'आईसारखं होईल का' हा विचार आत चालू असताना तुम्ही जिऱ्याचा डबा आणायला निघता. डबा मनात नीट शिरलेलाच नसतो, तर तो आठवणार कुठून?

नावांचं तसं नाही. नावं सगळ्यांनाच अवघड जातात आणि वयाबरोबर आणखी अवघड होतात. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात एक सुंदर प्रयोग झाला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय सांगितले. मुद्दाम एकच शब्द कधी व्यवसाय म्हणून, कधी आडनाव म्हणून वापरला. आपल्याकडे करायचा तर 'हे सुतारकाम करतात' आणि 'हे श्री. सुतार' असा करता येईल. व्यवसाय म्हणून सांगितलेला शब्द लोकांना सहज आठवला, आडनाव म्हणून सांगितलेला तोच शब्द आठवेना. सुतारकाम म्हटलं की रंधा, लाकडाचा वास, भुसा असं कितीतरी मनात येतं. आडनाव सुतार असलेला माणूस बँकेत कॅशियर असतो, त्या शब्दाला धरायला काहीच नसतं. तुमच्या हाताखालून हजारो मुलं गेली. त्यांतली काही नावं जिभेवर येऊन अडकत असतील तर त्यात आजार शोधू नका.

मग काळजी कधी करायची? तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारला जातो आणि आधी विचारल्याचं आठवतही नाही. रोजच्या रस्त्यावर वाट चुकते. पैशांचे नेहमीचे व्यवहार जमेनासे होतात. स्वतःपेक्षा घरच्यांना जास्त काळजी वाटू लागते. असं काही असेल तर वेळ न घालवता न्यूरोलॉजिस्टना भेटायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, उलट पत्र इतकं नेटकं आहे की त्यातले तपशील आणि क्रम मला जपून ठेवावेसे वाटले. तरी पत्रावरून कोणी निदान करू नये, मीही करणार नाही. भारतातल्या ६० वर्षांवरच्या लोकांत सुमारे ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला देशपातळीवरचा अंदाज आहे आणि त्यातलं बरंच प्रमाण खूप वयस्कांमध्ये आहे. आईला हा आजार होता म्हणून तुमचा धोका काहीसा वाढतो, हे खरं. त्याच्यापुढे 'माझी पाळी' असं म्हणायला आधार नाही.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, आणि त्यात पहिला विषय ती गोळी. अल्प्राझोलम ज्या औषधांच्या गटातलं आहे, त्या गटातल्या गोळ्या नवीन गोष्ट आठवणीत नोंदली जाण्यात अडथळा आणतात. ज्येष्ठांच्या बाबतीत तोल जाऊन पडण्याचाही धोका वाढतो. दीड वर्ष रोज घेणं हा फार मोठा काळ आहे. तुम्ही विसरण्याच्या भीतीने जागता, जागता म्हणून गोळी घेता आणि गोळीने विसरणं वाढत असेल, हे अगदी शक्य आहे. मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. अचानक थांबवली तर चिंता उसळते, झोप पार जाते, क्वचित झटकेही येऊ शकतात. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवत नेतात. सोबत बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर या रक्ताच्या तपासण्या, रक्तदाब आणि कानांची तपासणी करून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता खूप आढळते आणि तिने विसराळूपणा, थकवा दोन्ही येतं. कानांकडे तर आपण फारच दुर्लक्ष करतो. नाव नीट ऐकूच आलं नाही तर ते आठवणार कसं? यजमान म्हणत असतील की घोरता फार, तर तेही सांगा.

आता ॲप. वर्गणी भरू नका.

१९८०मध्ये अमेरिकेत एक प्रयोग गाजला. एका महाविद्यालयीन तरुणाला आकडे ऐकून क्रमाने परत म्हणायचा सराव दिला. सुरुवातीला त्याला आपल्या सगळ्यांसारखे साधारण सात आकडे जमायचे. जवळपास दीड-पावणेदोन वर्षांत, सुमारे २३० तासांच्या सरावानंतर, तो ७९ आकडे म्हणू लागला. तो धावपटू होता आणि आकड्यांचे गट करून ते शर्यतीच्या वेळांसारखे लक्षात ठेवायचा. मग संशोधकांनी आकड्यांऐवजी अक्षरं दिली. पुन्हा सहा! त्याची स्मरणशक्ती वाढलेली नव्हती, आकडे लक्षात ठेवायची कला त्याने कमावली होती. तुमच्या ॲपचंही तेच. त्यातले गुण वाढतात कारण तुम्ही तो खेळ शिकताय.

२०१०मध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे मेंदूचे असे खेळ खेळले, तेव्हाही खेळातली प्रगती खेळापुरतीच राहिली, दुसऱ्या चाचण्यांत फरक दिसला नाही. ल्युमॉसिटी नावाच्या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने विस्मरण टळतं, शाळेत-कामात प्रगती होते अशी जाहिरात केली होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचं म्हटलं आणि २०१६मध्ये कंपनीने तडजोडीत २० लाख डॉलर भरले.

दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी. ६५ वर्षांवरच्या २,८३२ लोकांचा 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काचे प्रश्न, तिसऱ्याला झटपट बघून ओळखण्याचा सराव, चौथ्याला काहीच नाही. प्रत्येकी दहा तासिका. जो सराव केला तो सुधारला, इतर क्षमता होत्या तिथेच राहिल्या. दहा वर्षांनी तर्क आणि वेग यांचा फायदा अजून मोजता येत होता, स्मरणाच्या गटाचा ओसरला होता. वेगाच्या सरावाच्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी दिसल्याचं २०१७मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून प्रत्येक ॲप त्याचा दाखला देतं. पण ते एका विशिष्ट सरावाबद्दल होतं, स्मरणाच्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही. तुमच्या ॲपमधले चित्रं जुळवायचे खेळ त्या दाखल्यावर विकले जाऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. नातवाबरोबर बसून ते खेळायला मजा येत असेल तर फुकटातलं जरूर खेळा.

तुम्हाला नावं आठवायला हवी आहेत, तर सराव नावांचाच करायचा. आणि कसा करायचा हे तुम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलेल्या आहात: पुस्तक मिट आणि सांग. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा अभ्यासला, काहींनी एकदा अभ्यासून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवणाऱ्यांकडे ६१. नावांसाठी तर लँडॉर आणि ब्योर्क यांनी १९७८मध्येच दाखवलं होतं की आठवण्याच्या फेऱ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की नावं जास्त पक्की होतात.

स्नेहमेळाव्याला जा, बाई. आयोजकांपैकी कोणाला तरी येणाऱ्या मुलामुलींची यादी आणि दहावीचा ग्रुप फोटो व्हॉट्सॲपवर मागा. एका वेळी पाचच चेहरे घ्या. नाव वाचा आणि त्याला तुमच्या वर्गातलं काहीतरी जोडा: कोणत्या बाकावर बसायचा, कोणाचे पाढे पक्के होते, कोण भूमितीची प्रमेयं पाठ करून यायची. हे जोडकाम महत्त्वाचं, कारण आडनावाला धरायला जे नसतं ते यातून मिळतं. मग नाव झाकून चेहरा बघा आणि आठवा. एका मिनिटाने पुन्हा, पाच मिनिटांनी पुन्हा, जेवण झाल्यावर, झोपण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी. चुकलं तर नाव बघून घ्या आणि अंतर पुन्हा कमी करा. यादी नुसती वाचत बसू नका, ते सोपं वाटतं आणि म्हणूनच फसवतं.

या पद्धतीला तुमच्या दृष्टीने आणखी एक फार मोठा आधार आहे. टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये १२० जणांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली, निम्म्यांना पुन्हा पुन्हा बघून आणि निम्म्यांना आठवून. दुसऱ्या दिवशी काही जणांना परीक्षकांसमोर आयत्या वेळी भाषण द्यायला आणि गणितं सोडवायला लावलं, म्हणजे चांगला घाम फोडला. नुसतं बघून शिकलेल्यांची आठवण त्या ताणात घसरली. आठवून शिकलेल्यांची घसरली नाही. हॉलमध्ये शिरताना छातीत धडधडेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

काळजीसाठी संध्याकाळी साडेपाच ते सहा अशी ठरलेली अर्धा तास वेळ ठेवा, हा टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये तपासलेला उपाय आहे. दिवसभरात आईच्या आजाराचा विचार आला की वहीत दोन शब्द टिपायचे आणि साडेपाचला बघू म्हणायचं. साडेपाचला वही उघडून खरोखर बसायचं, रोज त्याच खुर्चीत. ती खुर्ची पलंगाजवळ नको. झोपेपूर्वी नको. आणि मध्यरात्री फारच घालमेल झाली तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं.

एवढं करूनही मेळाव्यात एखादा उंच, मिशीवाला माणूस पाया पडायला वाकेल आणि नाव येणार नाही. तेव्हा मनात शोधत उभ्या राहू नका, शोधण्याच्या दडपणाने ते आणखी मागे सरतं. सरळ विचारा, "तू खिडकीपाशी बसायचास ना? नाव सांग बाळ." त्याने सांगितलं की एकदा मोठ्याने उच्चारा, मग त्याच्या घरचं, कामाचं विचारा, आणि तो पुढे जायला निघाला की निरोप घेताना पुन्हा नावानेच हाक मारा.